अण्णांची हत्तीण आणि निळा बाटला

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये एक पत्र्याचं दार होतं, आणि ते कधी लागायचं नाही. त्यामुळं भाकरीला पेट्रोलचा वास यायचा आणि आबांच्या पान्यांना खर्ड्याचा. पलीकडं फाउंड्री होती. तिथं ओतकाम असलं की जळक्या वाळूचा वास थेट देव्हाऱ्यापर्यंत पोचायचा. दोन्ही बाजूंना लेथ, समोर वेल्डिंगवाला, कोपऱ्यावर पंपांची वाइंडिंग करणारा. कोल्हापूरची माणसं मोठ्यानं बोलतात म्हणतात. उद्यमनगरात राहून बघा. हळू बोललेलं ऐकू कुणाला येणार? वीज गेली की सगळं एकदम गप्प व्हायचं, आणि आपण केवढ्यानं ओरडत होतो ते आमचं आम्हालाच कळायचं. मग कुणीतरी हसायचं.

आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्तीनं, म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीनं. ती विधवा होऊन माहेरी आली आणि घर तिनं असं हातात घेतलं, की आबा तिच्या तोंडासमोर विडी ओढत नसत. दर पौर्णिमेला ती नृसिंहवाडीला जायची, येताना पेढे आणायची आणि ते मोजून द्यायची. रविवारी मटण. तांबडा रस्सा आबा करायचे, पांढरा आत्ती. एकमेकांच्या पातेल्यात कुणी डाव घालायचा नाही. माझी शाळा चौथीला सुटली. त्याचं मला दुःख झालं नाही. आता लोक विचारतात तेव्हा मी जरा रडावं अशी त्यांची अपेक्षा असते. पण मला शाळेत बसून कंटाळा यायचा आणि वर्कशॉपमध्ये कधी आला नाही, हे खरं आहे.

आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं एका ट्रकच्या पंख्यात गेली होती. इंजिन उतरवणं, बसवणं, आवाज ऐकून दुखणं सांगणं यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण बारीक काम त्यांना जमेना. कार्बोरेटरमधला जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा आणि त्याला सुईएवढं भोक. त्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिन खातं. भोक कमीजास्त करायचं म्हणजे कथलाचा डाक लावून बुजवायचं आणि घड्याळजीच्या ड्रिलनं हातानं पुन्हा पाडायचं. ते काम माझ्याकडं आलं. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एक पोरगी घासलेटच्या घमेल्यात सुटे भाग धुताना दिसायची, तेवढंच. ज्यानं काम केलं त्यानंच ट्रायलला गाडीत बसायचं, अशी आमच्याकडची रीत होती. काम चुकलं असेल तर पहिलं डोकं त्याचं फुटू दे. माझ्या कामाच्या ट्रायलला मात्र आबा बसायचे. मी दारात उभी राहून आवाज ऐकायची.

अशात अण्णांची हत्तीण आमच्या दारात आली. अण्णा म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. जैन माणूस, पांढरं धोतर, वर कोट, दिवस मावळायच्या आत जेवण. सगळं मोजकं, एक ती गाडी सोडून. मुंबईत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. अमेरिकन गाडी, लांबीला आमच्या घराएवढी, आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं असं इंजिन की दोन माणसांनी मिठी मारली तरी हात पोचू नयेत. कार्बोरेटर चार तोंडांचा. पेट्रोल कसं पीत होती ते सांगत नाही, ऐकून आजही कुणाचा विश्वास बसत नाही. तिचा पिस्टन गेला असता तर अख्ख्या देशात दुसरा मिळाला नसता. आबा म्हणायचे, "हिचं पिस्टन गेलं की अण्णांनी हिच्यात कोंबड्या पाळायच्या." अण्णा म्हणायचे, "आमच्यात कोंबड्या चालत न्हाईत ओ मिस्त्री."

अण्णांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांची मुलगी निपाणीला दिली होती, तंबाखूच्या घरात. व्याह्यांनी नवी जर्मन गाडी घेतली आणि एकदा हमरस्त्यावर हॉर्न मारत अण्णांच्या पुढं गेले. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांपुढं वाकायचं, हे ठरलेलंच. अण्णा लग्नात वाकले, बारशाला वाकले, दर दिवाळीला वाकायचे. "सगळीकडं मान खाली घालतोय की मिस्त्री," ते आमच्या बाकड्यावर बसून म्हणाले, "रस्त्यावर तरी वर करू द्या मला." व्याही पुढच्या अमावास्येला नृसिंहवाडीला जाणार होते. जाताना माळावरच्या जुन्या धावपट्टीवर दोन्ही गाड्या एकदा सोडून बघू, असं अण्णा त्यांना बोलून बसले होते. तिथं विमान क्वचित उतरायचं. एरवी गुरं चरायची.

त्यांचा मुलगा शांतू नुकताच अमेरिकेत शिकून आला होता. सडपातळ, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्यामुळं आमच्या आळीत त्याला सगळं दोनदा सांगावं लागायचं. त्यानं बॅगेत कपड्यांच्या घड्यांतून एक जाड ॲल्युमिनियमची पट्टी, दोन विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह आणि नळ्या आणल्या होत्या. ती पट्टी कार्बोरेटरच्या खाली बसवायची. एका नळीतून गॅस, दुसऱ्या नळीतून जादा पेट्रोल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना बटण दाबलं, की दोन्ही एकदम इंजिनात. गॅस म्हणजे दातांचे डॉक्टर गुंगीसाठी देतात तो, हसवणारा. त्यात प्राणवायू असतो, त्यानं जास्त पेट्रोल जळतं आणि इंजिन पिसाळल्यासारखं ओढतं. शांतूनं हे सांगितलं तेव्हा आबांनी बराच वेळ पट्टी उलटसुलट करून बघितली. "म्हंजे इंजिनला दारू पाजायची," ते म्हणाले. शांतू म्हणाला, "थोडीशी, मिस्त्री. आणि चढली तर पिस्टनला भोक पडतं."

गॅसचा बाटला विमानातून आणता येत नव्हता. तो अण्णांनी मिरजेहून ओळखीनं मिळवला. निळा, माझ्या कमरेएवढा. त्याच्या तोंडाला नळी बसवायची जोडणी आबांनी लेथवर काढून घेतली. आपल्याकडच्या पेट्रोलला शांतूबरोबर आलेले जेट चालणार नव्हते, म्हणून त्यानं सांगितलेल्या मापाचे दोन्ही जेट, गॅसचा आणि पेट्रोलचा, मी पाडले. जेट माझ्या हातून येतात हे शांतूला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तो थेट येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि विचारलं. बाकी कुणी तोवर विचारलंच नव्हतं.

आता आत्ती. आमच्या वर्कशॉपमध्ये नवी वस्तू आली की तिची पूजा आत्तीच्या हातून व्हायचीच. ड्रिल मशीन असो, जॅक असो. बाटला आला त्या दिवशी गुरुवार होता. आत्तीनं त्याला पाटावर उभा केला, हळदीकुंकू लावलं, स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, जोतिबाचा गुलाल लावून नारळ फोडला. अण्णांनीही हात जोडले. हे सगळं उरकल्यावर शांतू म्हणाला, "हा डिकीत तोंड खाली करून बसवायला लागेल."

आत्तीनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो एक पाऊल मागं सरला.

"खाली डोकं, वर पाय?" ती म्हणाली. "असं खाटकाच्या दुकानात बकरं टांगत्यात, बाळा. देव न्हाय टांगत."

शांतू जैनाचा पोरगा, बकऱ्याचं नाव निघाल्यावर त्याला पुढं बोलवेना. तरी त्यानं सांगायचा प्रयत्न केला. आत गॅस दाबून द्रव झालेला असतो, तो तळाशी बसतो, आपल्याला द्रवच पाहिजे, वरचा गॅस पुरत नाही. पण तो हळू बोलत होता आणि शेजारी लेथ चालू होता. आबांनी बहिणीकडं बघितलं आणि निकाल दिला. "उभाच बसवूया. बाटल्यातनं गॅस यायचा तो येतुयाच की." वेल्डिंगच्या बाटल्यांना त्यांनी जन्मभर उभंच वापरलं होतं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. माहेरी-सासरी सगळीकडं चाललेली रीत एकाच ठिकाणी चालत नाही, तेव्हा माणसाला ते पटकन कळत नाही.

पहिली ट्रायल कळंब्याच्या तलावापलीकडं झाली. शांतू चालवायला, शेजारी नेहमीप्रमाणे आबा, मागं अण्णा. मी, वेल्डिंगवाला आणि अर्धी आळी रस्त्याकडेला. हत्तीण लांबून आली, आवाज चढला, शांतूनं बटण दाबलं असणार. आणि ती खोकली. मागून काळाकुट्ट धूर आला, गाडीनं दोनचार हिसके दिले आणि आमच्यासमोरून सायकलच्या वेगानं गेली. वेल्डिंगवाला म्हणाला, "हसवायचा गॅस हाय म्हणत हुते. खरंच हाय की."

घरी येऊन आबांनी बॉनेट उघडलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. ते मला म्हणाले, "शके, पेट्रोलचा जेट बारका कर. निम्मा."

शांतूनं चष्मा काढून पुसला. "मिस्त्री, पेट्रोल जास्त नाही. गॅस कमी येतोय, कारण द्रव येत नाही. आता पेट्रोल निम्मं केलं आणि डिकीत बाटला जरा कलला, द्रव तोंडाशी आला, तर पेट्रोल कमी आणि गॅस भरपूर. पिस्टन वितळेल."

"मग इतकी वर्सं मी काय शेण गोळा करत हुतो?" आबा म्हणाले. "शके, जेट."

मी शांतूकडं बघितलं नाही आणि आबांकडंही नाही. मी इंजिनाकडं बघितलं. माझा विचार साधा होता. पेट्रोल जास्त झालं तर गाडी खोकते आणि लोक हसतात. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जातो आणि परत येत नाही. दोघांतला कोण बरोबर हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं, पण कुणाची चूक महाग पडेल ते दिसत होतं.

"बारका जेट मी करत न्हाय," मी म्हटलं.

आबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं.

"मग ऊठ," ते म्हणाले. "चुलीकडं जा. आणि आता तिकडंच बस. कामाला नको म्हणणारा माणूस मला वर्कशॉपात नको. बाहीर दुसरा कोणतरी बघतो मी जेटला."

आबा रागात बोलले असले तरी बोललेलं फिरवत नसत. याच कारणावरनं त्यांनी दोन चांगले कारागीर घालवले होते. मी हात पुसले आणि पत्र्याच्या दारातून आत गेले. आत्ती भाकऱ्या करत होती. मी परात ओढून घेतली आणि पीठ मळायला लागले. मला रडू आलं नाही. मला भाकरी थापता येत होती, पण जन्मभर तेवढंच करायचं नव्हतं.

"काय झालं?" आत्तीनं विचारलं. मी सांगितलं.

"बापाला उलटं बोलू नये."

"बापाला न्हाय बोलले. जेटला बोलले." मग मी म्हटलं, "आत्ती, गणपती पंचगंगेत सोडताना उलटा हुतोय. नाकातोंडात पाणी जातंय. तवा तुला काय वाटत न्हाय?"

"तवा त्यात देव नसतुय, शके. उत्तरपूजा झालेली असत्या. अक्षता टाकून मूर्ती जाग्यावरनं हलवली की देव गेला. मग माती राहत्या."

"मग ह्याची कर की उत्तरपूजा."

आत्तीचा हात भाकरीवर थांबला. भाकरी तव्यावर फुगली आणि एका बाजूनं करपली, तरी तिनं उलटली नाही. ती विचार करत होती, आणि आत्ती विचार करायची तेव्हा खरंच करायची. तिला हरवायचं नव्हतं मला. तिच्याच घरातली वाट होती, ती दाखवली एवढंच.

"बाटल्याची उत्तरपूजा कुणी केलेली ऐकली न्हाय," ती म्हणाली.

"बाटल्याची पूजा तरी कुणी केलेली ऐकली हुती?"

"तोंड लई चालतंय तुजं," आत्ती म्हणाली. पण उठली.

ती वर्कशॉपमध्ये आली तेव्हा आबा, अण्णा आणि शांतू तिघंही बाकड्यावर बसले होते. आत्तीनं बाटला पाटावर आणायला लावला, पुन्हा हळदीकुंकू वाहिलं, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, पुटपुटत 'परत या' म्हणाली आणि बाटला उत्तरेकडं चार बोटं सरकवला. मग पदर खोचून आबांकडं वळली. "झालं. आता ते लोखंड हाय. उभं करा न्हायतर आडवं, माजं काय म्हणणं न्हाय. पण पोरगी काय म्हणत्या ते एकदा बघ."

आबांनी नाही म्हटलं नाही, एवढं मला पुरलं. मी आणि शांतूनं बाटला अंगणात नेला. आधी उभा धरून किल्ली किंचित फिरवली. नुसती फुस्स हवा. मग दोघांनी तो तोंड खाली करून धरला, मी बाटल्याच्या गळ्यातली झेंडूची माळ काढून फरशीवर टाकली आणि किल्ली पुन्हा तेवढीच फिरवली. पांढरी धार आली, धूर निघाला, माळेवर बर्फाची साय चढली. मी एक फूल उचललं आणि चिमटीत दाबलं. ते पापडासारखं मोडलं.

आबा उठून आले. त्यांनी दुसरं फूल त्यांच्या तीन बोटांत घेतलं, मोडलं आणि तुकडे तळहातावर विरघळेपर्यंत बघत राहिले.

"धूर पेट्रोलचाच हुता," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "पण पेट्रोल जास्त न्हवतं. गॅस कमी हुता."

त्यांनी वेल्डिंगवाल्याला हाक मारून अँगलचा घोडा करायला सांगितला, बाटला तोंड खाली राहील असा. जेट आहे तोच राहिला. पण मी परत कामावर आले की नाही, ते कुणी बोललं नाही. मी आपली घमेल्याशी जाऊन बसले आणि कुणी उठवलं नाही. बाटल्यात आता गॅस एका दमापुरताच उरला होता. म्हणजे पुन्हा ट्रायल नाही. माझा जेट बरोबर आहे की नाही, ते थेट व्याह्यांसमोर कळणार होतं.

अमावास्येला माळावर आधी गुरं हाकलावी लागली. व्याही आले, सोन्याची बटणं, तोंडात पान. अण्णांनी रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. शांतू स्टिअरिंगवर बसला. आबांचा हात सवयीनं शेजारच्या दाराच्या कडीवर गेला, आणि तिथंच राहिला. मग त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाले.

"शके, बस."

अण्णांनी विचारलं, "ही?"

"जेट तिनं केलाय," आबा म्हणाले. "काम करंल त्यानं बसायचं. आमच्यातली रीत हाय."

मी बसले. सीट इतकी मऊ होती की मला पुढचं दिसेना. गाड्या सुटल्या, जर्मन गाडी चटकन पुढं गेली. हत्तीण जड, तिला हलायलाच वेळ लागायचा. शांतू ॲक्सिलरेटर तळाला टेकवून थांबला, इंजिनाचा सूर बसू दिला आणि बटण दाबलं. माझं डोकं मागं आपटलं. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आणि लोकांना वाटेल मी घाबरले असेन, पण मी ऐकत होते. तापलेलं इंजिन कमी पेट्रोलवर चाललं की खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो येत नव्हता. खिडकीबाहेर जर्मन गाडी बाजूला आली, मग व्याह्यांचं तोंड दिसलं, पान चावायचं थांबलेलं, मग तेही मागं गेलं.

गाडी थांबल्याबरोबर मी इंजिन बंद करायला लावलं. लोक धावत येत होते. व्याही म्हणाले, "अण्णा, काय घातलंय हो ह्यात?" अण्णा पुन्हा अदबीनं वाकले. "काय न्हाय ओ. गूळ." मी तिकडं लक्ष दिलं नाही. हातावर फडकं गुंडाळून पाना लावला आणि प्लग काढला. जिंकणं अण्णांचं होतं. माझं उत्तर त्या प्लगवर होतं. टोक पांढरं पडलं असतं किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे दाणे दिसले असते, तर आत पिस्टन वितळत होता. टोक विटकरी होतं. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं. मी दुसरा काढला, तोही तसाच. सगळे काढून एका रांगेत बॉनेटच्या कडेला ठेवले आणि आबांना बोलावलं. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरला आणि परत जागेवर ठेवला. शेवटचा मात्र माझ्या हातात दिला.

तेवढ्यात अण्णा आले. चेहरा एवढा फुललेला मी त्यांचा नंतर कधी बघितला नाही. "मिस्त्री, बाटला परत भरून आणू?"

"मला काय इचारताय, अण्णा," आबा म्हणाले. "तिला इचारा."

अण्णा माझ्याकडं वळले. मी प्लगची कड नखानं बघितली. एका प्लगची धार उष्णतेनं किंचित गोल झाली होती. फार नाही, पण झाली होती.

"आणा," मी म्हटलं. "पण आधी ह्याच्यापेक्षा थंड जातीचे, ताप लवकर सोडणारे प्लग लागतील. ते मिळाल्याशिवाय बटणाला हात लावायचा न्हाय."

"कुठं मिळतील?" अण्णांनी विचारलं, आणि विचारताना त्यांनी आबांकडं बघितलं नाही.

मला ठाऊक नव्हतं. "शोधायला लागतील," मी म्हटलं, आणि तापलेल्या इंजिनात प्लग परत बसवायला घेतले.